शेवट न पाहता दिलेलं मत

माझा नवरा भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले, तेव्हा इथं सांगायला काय जाते. संध्याकाळी वाडीत काही खुडबुडलं की हा माझ्या मागं उभा राहून विचारतो, "कोण आहे बे?" ग्रामसभेत तोंडाला कुलूप. कुणी जरा आवाज चढवून बोललं की हा चक्कीचा पट्टा तपासायला लागतो, पट्टा चांगला असला तरी. पण सिनेमाचा विषय निघू द्या, मग ह्याच माणसाला आवरता आवरत नाही.

आमची पिठाची चक्की आहे, चामोर्शीकडच्या एका गावात, जंगलाला लागून. गावाचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढं समजेल. खुशाल चक्कीवाला म्हटलं की आजूबाजूच्या गावांत ओळखतात, अन् ते दळणासाठी नाही, सिनेमासाठी. लहानपणी हा शिकायला बल्लारपूरला मामाकडे होता. शिकला म्हणजे टॉकीजमध्ये बसला. आता सगळं मोबाईलवर पाहतो. दळण टाकलं की बाया-माणसं बसून राहतात, अन् खडखडाटाच्या वरून ह्याचं सुरू. त्या आवाजावर बोलून बोलून ह्याचा गळा असा झाला आहे की घरात मीठ मागितलं तरी रस्त्यावर ऐकू जाते. लोक ते मोबाईलमध्ये भरून गावच्या ग्रुपवर टाकतात. कोणता सिनेमा पाहायचा अन् कोणता नाही, हे आमच्या चक्कीवर ठरते.

सिनेमाला हा तारे-बिरे देत नाही. त्याचं माप चक्कीचं. दाणा किती अन् कोंडा किती, एवढं सांगतो. अन् कुणाची भीड नाही. "आता पाहा," म्हणतो, "आमच्या समाजातला माणूस सिनेमात कायले येते? मार खाले. मार खाते, मरते, मंग शहरातून एक साहेब जीपमंदी येते अन् त्याच्यासाठी लढते. अबे, जो मेला त्याच्या घरी कधी कोणी हासलं नसन का? भाजीत मीठ कमी पडलं म्हणून भांडलं नसन? त्याले जगू द्या ना पह्यले, मंग मारा." जंगलावरच्या सिनेमांवर तर भारीच राग. "जंगलातले लोक दोनच कामं करतात ह्यांच्या मतानं. नाचतात, नाई तं बंदूक धरतात. मोटारसायकलचं पंचर काढणारा गोंड कोणी दाखवला का आजपावतर?"

एकदा हुंड्याच्या विरोधातला सिनेमा गावात भारी चालला. बाया रडून रडून आल्या. हा म्हणाला, "कोंडा." सगळ्या त्याच्यावर तुटून पडल्या. हा म्हणाला, "हुंडा वाईट आहे म्हणते, अन् नवरीच्या अंगावर एवढं सोनं दाखवते. घरी येऊन तुमी काय म्हणलं? तसाच हार पाह्यजे म्हणलं का नाई? सिनेमा काय बोलते ते कोणी आयकत नाई बाई. काय दाखवते ते ध्यानात राह्यते." बाया गप्प बसल्या, कारण हार मागून झाला होता. मीच मागितला होता.

त्याचा एक नियम होता. शेवट पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही. "तांदूळ शिजल्याबिगर आपण त्याले भात म्हणतो का?" असं त्याचं म्हणणं. हा नियम त्यानं एकदाच मोडला, अन् ते आम्हाला अजून झोपू देत नाही.

मागच्या वर्षी गावात शहरातले सिनेमावाले आले. जादूटोण्याच्या विरोधात सिनेमा काढायचा होता त्यांना. गावातली एक म्हातारी, गाव म्हणते ही करणी करते, मग तिला मारायला उठतात, मग शेवटी सत्य समजते, अशी गोष्ट. म्हातारी त्यांना खरी गावातलीच पाहिजे होती. त्यांनी अंजनाबाईला पाहिलं अन् दुसरी शोधलीच नाही.

अंजनाबाई जंगलाकडच्या शेवटच्या घरात एकटी राहते. मोहफुलं वेचते, कोंबड्या पाळते. दात गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, अन् खांदा धरला म्हणून केस बांधता येत नाहीत, ते मोकळेच. आमच्या गावातल्या हेमराजची ती लांबची काकू. गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिनेमावाल्यांनी तिच्या डोळ्यांत काजळ घातलं, केसांत राख टाकली अन् लाल उजेडात उभं केलं. बुढीला काय आनंद. "सत्यशीला, मले बसाले खुर्ची देतात ना वं," असं येऊन येऊन मला सांगायची. आयुष्यात तिला कुणी खुर्ची दिली नव्हती.

सिनेमावाल्यांनी शब्द मात्र पाळला. बाहेर लागायच्या आधी गावाला दाखवू म्हणाले होते, ते उन्हाळ्याच्या तोंडावर आले अन् शाळेच्या मैदानात मोठा पडदा लावला. दिवस बुडाल्याबरोबर सुरू केलं. सारं गाव जमलं होतं, चादरी-सतरंज्या घेऊन. आपलंच गाव, आपलीच विहीर, आपलीच ढोरं पडद्यावर. आधी लोक हसले. मग अंजनाबाई आली अन् हसणं बंद झालं.

खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटली. रोज माझ्या सपरीत बसून चहा पिणारी बुढी, पण त्या उजेडात, त्या वाजवण्यात, तो पांढरा डोळा पडद्याएवढा मोठा झाला तेव्हा मी बसल्या जागी मागं सरकले. सिनेमात ती एका पोरीच्या डोक्यावरून हात फिरवते अन् पोरगी तापानं फणफणते. बाया पदर तोंडाशी धरून बसल्या. पोरं आयांच्या मांडीत शिरली. पडद्यावर लोक काठ्या घेऊन बुढीच्या घराकडे निघाले, अन् तेवढ्यात मैदानात खरीच वनखात्याची जीप आली.

शिवारात वाघ दिसला होता. भोंग्यावरून सांगत होते, कार्यक्रम बंद करा, सगळ्यांनी मिळून घरी जा, दारं लावून घ्या. आमच्याकडं हे ऐकलं की वाद घालत नाहीत. एका वर्षात दोन माणसं गेली आहेत आमच्या पट्ट्यात. सिनेमावाल्यांनी तर आमच्या आधी पडदा गुंडाळला अन् रात्रीच गाडी घेऊन पळाले. गाव घोळक्यानं घरी गेलं. म्हातारी खरंच करणी करते इथपर्यंत गावानं पाहिलं. ती करत नाही, हे सांगणारा शेवट गुंडाळलेल्या पडद्यासोबत गेला.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर गर्दी. "खुशालभाऊ, कसा वाटला आपला सिनेमा?" हा म्हणाला, "शेवट पाह्यला नाई. मत देत नाई." लोक सोडेनात. अन् अंजनाबाई तिथंच उभी, तांदळाची टोपली घेऊन, ह्याच्या तोंडाकडे पाहत. तिलाही ऐकायचं होतं. माझ्या नवऱ्याला कुणाचं पडलेलं तोंड पाहवत नाही, हा त्याचा दुसरा दोष. तो म्हणाला, त्या मोठ्या आवाजात, "बुढे, तू तं कमाल केली. तुह्ये डोळे पाहून माह्या अंगावर काटा आला. आता तुह्या घरापासून जाची माह्यी हिंमत नाई होत." अंजनाबाई खुश होऊन हसली, बिनदातांची, खो खो करून. कुणीतरी ते सारं भरलं अन् ग्रुपवर टाकलं.

ते मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकलं. चक्कीवर ते कौतुक होतं. मोबाईलवर नुसता आवाज येतो, माझ्या नवऱ्याचा भ्यालेला, अन् मागून बुढीचं हसणं.

त्यानंतर काय बदललं ते बोटानं दाखवता येणार नाही, पण बदललं. अंजनाबाई विहिरीवर आली की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. तिच्या कोंबडीची अंडी कुणी घेईना. पोरं तिला पाहून पळायची अन् सिनेमातल्यासारखं ओरडायची. बुढीला वाटायचं, आपण गाजलो. ती त्यांच्यामागं हसत हसत दोन पावलं धावायची, अन् पोरं खरीखुरी रडायची. मी नवऱ्याला म्हटलं, "तुमी चक्कीवर बोला ना. सिनेमाच होता म्हणून सांगा." हा म्हणाला, "होईन शांत. आपल्या समाजाची चारच घरं हायेत ह्या गावात. उगा कायले?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो ह्याच्या पाठीला कायमचा बसलेला.

मग हेमराजची पोरगी तापली. चंचल तिचं नाव, पहिलीत जाते. ताप यायचा, थंडी वाजायची, उतरायचा, पुन्हा यायचा. कुणीतरी आठवण काढली की आदल्या बाजारी अंजनाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. फिरवलाही असेल. नात्यातली पोरगी आहे, बुढी काय तिला लाथ मारेल? पण लोकांनी ते पडद्यावर पाहिलं होतं. डोक्यावर हात, मग ताप.

दुपारची वेळ होती. मी ब्लाऊज शिवत बसले होते, तर गावची आशा सेविका नूतन धावत आली. म्हणाली, "ताई, हेमराजभाऊनं बुढीले आपल्या अंगणातल्या निंबाखाली आणून बसवलं. चार-पाच जण हायेत, काठ्या हायेत. मांत्रिकाले आणाले माणूस धाडला." मी आधी ठाण्याला फोन लावला. कायदा आहे, मला माहीत आहे. निघतो म्हणाले. पण ठाणं लांब, अन् मधल्या पुलाचं काम सुरू. पोलीस पाटील गेला होता लग्नाला. मी चक्कीत गेले अन् सांगितलं.

नवऱ्यानं चक्की बंद केली. एवढं शांत झालं की मला त्याचा श्वास ऐकू येत होता. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, तरी त्याखाली चेहरा उतरलेला दिसला. "सत्यशीला," म्हणाला, "मले मारतीन ते. चक्की जाळतीन." मी म्हटलं, "मारतीन. पण आवाज तुमचा आहे त्या मोबाईलमंदी. तुमी नाई गेले तं मी जाते." मी निघालेच. भीती मलाही होती, पण थांबले असते तर मीही बसले असते. मागून त्याच्या चपला वाजल्या तेव्हा मला रडू आलं.

निंबाखाली अंजनाबाई उकिडवी बसली होती. लुगडं खांद्यावर फाटलेलं. तिला अजून नीट समजलं नव्हतं. आम्हाला पाहून म्हणाली, "खुशाल, सांग ना ह्याईले, सिनेमा होता म्हणून." हेमराज उभा होता, डोळे लाल. त्याचाही राग येत नव्हता मला, खरं सांगते. पोरीच्या काळजीनं माणूस पार सुकून गेला होता. आत घरातून चंचलचं कण्हणं ऐकू येत होतं.

माझ्या नवऱ्यानं तोंड उघडलं अन् आवाजच निघाला नाही. एवढा मोठा गळा, पण नुसती फुसफुस. हेमराजनं मोबाईल काढला. "तूच सांगतलं ना बे? आयक." अन् वाजवलं. "माह्या अंगावर काटा आला. आता तुह्या घरापासून जाची माह्यी हिंमत नाई होत." अन् मग ते हसणं. खाली बसलेली बुढी स्वतःचंच हसणं ऐकत होती. एकानं काठी आपटली. मला वाटलं, आता झालं.

तेव्हा माझा नवरा म्हणाला, "शेवट पाह्यला का तुमी?"

काठी आपटणाऱ्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"मी पाह्यला," तो म्हणाला. अन् आवाज आला, चक्कीवरचा. "सिनेमावाल्याईनं मले धाडला. मत मागतलं मले. तुमाले पाह्यजे का शेवट?"

साफ खोटं होतं ते. सिनेमावाल्यांनी फोनसुद्धा उचलला नव्हता त्याचा. पण लोक थांबले. दोन आठवड्यांपासून अर्धा सिनेमा पोटात घेऊन फिरत होते सगळे. अन् हा माणूस शेवट न पाहता कधी बोलत नाही, हे गावाला ठाऊक. एक जण खाली बसला. मग दुसरा. हेमराज उभाच राहिला, पण काठी टेकवून.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग घराकडं पाहिलं. मला समजलं. मी नूतनला खुणावलं अन् आम्ही मागच्या वाडीतून आत शिरलो. हेमराजची बायको दिव्यानी पोरीजवळ बसून होती. आम्ही चादर गुंडाळेपर्यंत तिनं स्वतःच पोरीला उचललं. नूतनच्या स्कुटीवर ती पोरीला कवटाळून मागं बसली. नूतननं गाडी ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली अन् मग सुरू केली. तो आवाज झाला तेव्हा मला वाटलं, सापडलो. पण तेव्हाच निंबाखाली माझा नवरा सिनेमातल्या बापाचं ओरडणं ओरडला, अन् स्कुटी कुणाला ऐकू आली नाही.

मी पुन्हा पुढच्या अंगणात आले. तो शेवट रचत होता अन् लांबवत होता. ज्या माणसानं जन्मभर लांबवलेल्या सिनेमांना शिव्या दिल्या, तोच आता विहिरीचा प्रसंग, मग पावसाचा, मग पोरीच्या आईचं स्वप्न, असं घालत चालला होता. बोलताना त्याच्या पायजम्यावरचं पीठ खाली गळत होतं. पण गोष्ट तुटली नाही. पोरीला कुणीतरी दवाखान्यात नेते. तिथं बोटाला टोचून रक्त घेतात. मलेरिया निघतो. गोळ्या देतात. पोरगी आठवड्यानं उठून बसते अन् काय मागते, तर बुढीच्या हातची तांदळाची भाकर.

"अन् बाप?" हेमराजनं विचारलं. "त्या बापाचं काय होते?"

नवऱ्यानं त्याच्या हातातल्या काठीकडं पाहिलं. "बापानं काठी उचलली होती," म्हणाला, "पण मारली नाई. म्हणून त्याले शेवटी पोरीकडे पाहता येते. मारली असती तं पोट्टी वाचली असती, पण बापाच्या जवळ आली नसती."

तेवढ्यात मांत्रिकाला घेऊन माणूस आला. मांत्रिक म्हणाला, "पोरगी आणा बाहेर." हेमराज आत गेला अन् रिकाम्या खाटेसमोर उभा राहिला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडं पाहिलं. मी पदर घट्ट धरून उभी होते, आता पहिला तडाखा मला, असं समजून. तेव्हाच माझा फोन वाजला. नूतन होती. मी तो हेमराजच्या कानाला लावला. मलेरिया निघाला होता. गोळी दिली, सलाईन लावलं, अजून एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, असं ती सांगत होती. हेमराजनं काठी भिंतीला लावून ठेवली, गाडी काढली अन् दवाखान्यात गेला. मांत्रिकानं चहा मागितला. कुणी दिला नाही.

पोलीस आले तेव्हा निंबाखाली फक्त अंजनाबाई अन् आम्ही दोघं होतो. नवरा तिच्या शेजारी मातीत बसून होता, अन् त्याला उठता येत नव्हतं.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. चंचल शाळेत जायला लागली. विहिरीवर बाया पुन्हा अंजनाबाईशी बोलायला लागल्या. हेमराज काकूच्या छपरावर कवेलू घालून आला. अन् दिवाळीच्या आसपास सिनेमावाल्यांचा मेसेज आला. सिनेमा बाहेर निघाला होता. मोबाईलवर पाहता येत होता, अन् त्यांना खुशालभाऊंचं मत पाहिजे होतं.

आम्ही दुपारी दार लावून पाहिला. मैदानात वाघामुळं थांबला होता तिथून पुढं. शहरातला साहेब येतो, भाषण करतो, अंधश्रद्धा वाईट आहे म्हणतो. लोक माना खाली घालतात. म्हातारी वाचते. नवऱ्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली. चला, ठीक आहे. अन् मग शेवटी, सगळे निघून गेल्यावर, म्हातारी एकटी घरात जाते, वळून आपल्याकडं पाहते, अन् तिचा तो पांढरा डोळा लाल पेटतो. ती हसते. अंधार. संपलं.

नवऱ्यानं मोबाईल पालथा ठेवला. लोकांनी पुढचा भागही पाहावा म्हणून तेवढं ठेवलं असेल त्यांनी. एक लाल डोळा, बस. त्यांना काय, ते गाडी घेऊन निघून गेले. त्या घरात राहते ती आमची बुढी.

नवऱ्यानं त्या दिवशी सिनेमावाल्यांना एकच शब्द पाठवला. कोंडा. अन् चक्कीवर सांगितलं, "बेकार आहे. पाहू नका, नेट जाईन फुकट." गावानं ऐकलं, आजपर्यंत तरी. पण पोरांच्या हातात मोबाईल आहेत. कुठं चार पोरं एका मोबाईलवर वाकलेली दिसली की हा चक्की सोडून तिकडं जातो, काय पाहून राह्यले म्हणून. रात्री कुत्रं भुंकलं की उठून बसतो, अन् आता मी त्याला भित्रा म्हणत नाही, कारण मीही उठून बसलेली असते.

परवा अंजनाबाई दळण घेऊन आली. चक्कीवर कुणी नव्हतं. टोपली ठेवली अन् म्हणाली, "खुशाल, तुह्यापाशी आहे म्हणतात माह्या सिनेमाचा शेवट. दाखव ना मले. मरायच्या आधी पाहतो म्हणलं."

नवऱ्यानं चक्कीचा पट्टा तपासला. पट्टा चांगला होता.

"गेला तो मोबाईलमधून, बुढे," तो म्हणाला. "पण सांगतलं होतं ना तुले, निंबाखाली."

"तवा मले भेवानं आयकूच नाई आलं," ती म्हणाली. "आता सांग."

ती खाली बसली. मी आतून स्टूल आणून दिलं तर त्यावर बसली, ऐटीत. अन् त्यानं तोच शेवट पुन्हा सांगितला, दवाखाना, गोळ्या, भाकर, सगळा, बारक्या आवाजात. मी त्याचा एवढा बारका आवाज कधी ऐकला नव्हता.

"मंग मी वाचतो का त्याच्यात?" तिनं विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "वाचते तू." अन् माझ्याकडं न पाहता त्यानं चक्की सुरू केली.